कुरुंदवाडवरून परत येताना

विमान चालवायला शिकू लागले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. उचगावात आमच्या दारात सहा म्हशी. पहाटे धारा उरकायच्या आणि सायकल काढून विमानतळ गाठायचा, असा दोन वर्षांचा क्रम. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिकणारे आम्ही पाचजण, त्यात मुलगी मी एकटीच.

श्रावणातल्या एका सकाळी आम्हाला उडवायला शिकवणाऱ्या सरांनी मला एकटीला कुरुंदवाडपर्यंत जाऊन यायला सांगितलं. पाऊस नव्हता, पण हवा ओली होती. नदीच्या संगमावरून वळून कोल्हापूरकडे तोंड केलं आणि इंजिनाचा आवाज जड झाला. इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या दाखवणारा काटा तेवीसशेवरून दोन हजारांच्या खाली आला. इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पूर्ण पुढे सारला, तरी काटा हलेना. विमान हळूहळू खाली यायला लागलं.

आधी उतरायची जागा बघायची, हे अंगात मुरलेलं होतं. खाली जिकडेतिकडे डोक्याएवढा ऊस. त्यात भुईमुगाचं एक लांबट रान दिसलं, ते पक्कं केलं. मग कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब बाहेर ओढला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल हवेत मिसळून त्याची वाफ होताना आत इतकी थंडी होते, की हवा ओली असली तर उकाड्यातही तिथे बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं, हे वर्गात शिकले होते.

नॉब ओढला आणि इंजिन जास्तच बिघडलं. खाडखाड हादरायला लागलं, काटा आणखी पडला. हात आपोआप नॉबकडे गेला, परत आत ढकलायला. पण बर्फ वितळला की त्याचं पाणी इंजिनात जाणार, ते थोडा वेळ खोकणारच, असं सरांनी सांगितलं होतं. मी हात मांडीवर ठेवला आणि भुईमुगाकडे बघत राहिले. दहा-पंधरा सेकंद गेले असतील. हादरे थांबले, काटा चढला. मी सरळ विमानतळावर येऊन उतरले.

मेकॅनिककाकांनी इंजिन चालवून पाहिलं. ते अगदी सुरळीत चाललं. "काय बी झालेलं न्हाय याला," ते म्हणाले. बर्फ तर केव्हाच वितळून गेला होता, दाखवणार काय? माझ्याबरोबरचा एकजण हसून म्हणाला, "घाबरली असशील." घरी बाबांना सांगितलं तर ते म्हशीला वैरण टाकता टाकता थांबले. "बर्फ? हितं उचगावात अंगाला घाम येतोय की."

"व्हय, तरी बी," मी म्हटलं.

मला राग आला होता, पण शंका नव्हती. सरांना मी काटा कुठे होता, किती वेळ लागला, सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. "उद्या त्याच वेळी दोघं जाऊ," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हवा तशीच होती. कुरुंदवाडच्या अलीकडेच आवाज जड झाला, काटा उतरला. सर हाताची घडी घालून बसले होते.

"आता काय करशील?"

"जागा बघितली, सर. उजवीकडचं मोकळं रान. आता नॉब ओढते."

इंजिन खोकलं, हादरलं. मी हात नॉबपासून लांब ठेवला. काटा वर आला तसे सर म्हणाले, "काल मी इथे नव्हतो, तरी तू हेच केलंस. चल, परत." मला फार बरं वाटलं. खाली उसाच्या सऱ्या एकेक मोजता येतील इतक्या स्वच्छ दिसत होत्या.

उतरल्यावर सरांनी चौघांना वर्गात बसवलं आणि खडू माझ्या हातात दिला. मी फळ्यावर कार्बोरेटर काढला, बर्फ कुठे धरतो ते दाखवलं. हसणारा तो मुलगा पहिल्या बाकावर वही उघडून बसला होता.

"हादरायला लागल्यावर किती थांबायचं?" त्याने विचारलं.

"पंधरा सेकंद धरून चाल," मी सांगितलं. "फार लांब वाटतात. तरी नॉब आत ढकलायचा नाही."

त्याने ते लिहून घेतलं.