‘लावायचं कोणाला?’ विचारणारा जेरोम

जेरोम गेल्याची बातमी मला वर्सोव्याच्या मासळीबाजारात मिळाली. रविवारी सकाळी चंपामावशीने पापलेटं पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा हवालदार गेला. काल दुपारी. जेवला, खुर्चीत बसला, उठलाच नाय." मी विचारलं, घरात कोण होतं, डॉक्टर कधी आले, आधी काही त्रास होता का. तीस वर्षं बातमीदारी केल्यावर हे प्रश्न आपोआप तोंडात येतात. मावशी म्हणाली, "तू पण त्याच्यासारखाच रे. मेलेल्या माणसावर पण संशय." संशय घेण्यासारखं काही नव्हतं. वय एकसष्ट, हृदय थांबलं. पण ते ‘त्याच्यासारखाच’ माझ्याबरोबर घरी आलं...

जेरोम आणि मी अंधेरीतल्या एकाच शाळेतले. त्याचं घर गावठाणात, चर्चच्या मागच्या गल्लीत. वडिलांची भातशेती इमारतींखाली गेली तेव्हा तो फार्मसी शिकत होता. पुढे बाजाराच्या रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये लागला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. दुकान त्याचं कधीच नव्हतं, पण लोक त्याला ओळखायचे, आणि बरेच जण टाळायचे. काउंटरच्या खिळ्याला सुतळीने बांधलेलं एक भिंग लटकत असे. कोणी खाजेची ट्यूब मागितली की जेरोम कपाटाकडे वळतच नसे. "लावायचं कोणाला?" "मलाच." "दाखव." "इथे कसं दाखवू?" "मग डॉक्टरला दाखव." मागची रांग हसायची, गिऱ्हाईक चिडायचं आणि चार दुकानं पुढे जाऊन तीच ट्यूब विनाप्रश्न घेऊन यायचं. मालक कुरकुरायचा. मलाही हा बराच काळ फार्मासिस्टचा ताठा वाटला. पुढे वेगळी शंका येऊ लागली. इतक्या लोकांवर अविश्वास दाखवणारा माणूस बहुधा स्वतःचंच काहीतरी सांभाळत असतो. एका संध्याकाळी त्याच्या ओट्यावर मी सरळ विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तो असा नव्हता. बाजारातल्या बायकांचे हात दिवसभर बर्फात आणि खाऱ्या पाण्यात, कमरेचं लुगडं ओलं. गजकर्ण एकीला झालं की हळूहळू सगळ्या रांगेत फिरायचं. ट्यूबही तशीच फिरायची. रांगेला मिळून एक, आज हिच्या कमरेच्या पिशवीत तर उद्या तिच्या. कधीकाळी एका डॉक्टरने एकीला लिहून दिलेली. चिठ्ठी हरवली, ट्यूब संपली, पण रिकामी ट्यूब कोणी टाकली नाही. ती काउंटरवर ठेवायची आणि म्हणायचं, "अशीच दे." रिकामी ट्यूब हीच चिठ्ठी. जेरोमही द्यायचा. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं अँटिबायोटिक आणि एक जहाल स्टिरॉइड. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज आणि लाली जायची. बायकांना वाटायचं, बरं झालं. गजकर्ण आत पसरत राहायचं आणि ट्यूब थांबली की दुप्पट होऊन वर यायचं. मग पुन्हा, "अशीच दे."

अशाच एका दिवशी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा चंपामावशीच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात शिरला. तिने रांगेतली तीच ट्यूब चोळली. लाली उतरली, म्हणून ती धंद्यावर बसून राहिली. लाली उतरली होती, जखम मात्र आत पिकत होती. पाचव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. पालिकेच्या रुग्णालयात बोटाला छेद देऊन पू काढला. बोट वाचलं, पण पुन्हा कधी वाकलं नाही. जेरोम भेटायला गेला तेव्हा मावशीच्या उशाशी ती ट्यूब पडली होती.

"मी दिलेली होती," तो मला म्हणाला. "रिकाम्या ट्यूबवर. कोणाला, कशाला... काही विचारलं नाही."

माझा विश्वास बसला नाही. त्या रांगेत चार दुकानांच्या ट्यूबा फिरत असतील, मी म्हणालो. तुझीच कशावरून?

"माझीच."

"बॅच नंबर दुकानाच्या बिलाशी ताडून पाहिलास?"

तो म्हणाला, "पाहायला हवा होता ना..."

मावशीला रुग्णालयात भेटून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ते भिंग काउंटरला टांगलं होतं.

त्यानंतर सुट्टीच्या सकाळी तो भिंग खिशात घालून बाजारात जाऊ लागला. "हवालदार आला, ट्यूबा लपवा गं," असा ओरडा व्हायचा. तो एकेकीची ट्यूब मागून बारीक अक्षरांतली नावं मोठ्याने वाचायचा. "एका ट्यूबमध्ये तीन औषधं असली की समजायचं, तुला काय झालंय ते कोणी नीट बघितलेलंच नाही." क्रीमशी त्याचं वैर नव्हतं. त्याच्या भाचीला इसब होता. डॉक्टरने सांगितलेलं स्टिरॉइड तो तिला स्वतः आणून द्यायचा, आणि खोक्यावर किती दिवस, कुठे, किती पातळ हे पेनाने लिहायचा. तोंडाला लावायचं नाही. फार दिवस लावलेलं मनाने एकदम बंद करायचं नाही, आधी डॉक्टरला विचारायचं. अँटिबायोटिक सांगितलेल्या जखमेला, सांगितले तेवढेच दिवस. गजकर्णावर त्याचा काही उपयोग नाही. आणि दुसऱ्याची ट्यूब कधीही नाही. बायका ऐकायच्या, टोमणे मारायच्या. काही जणी खरंच पालिकेच्या दवाखान्यात जाऊ लागल्या.

तो गेल्यावर पाच आठवड्यांनी मी चंपामावशीकडे पुन्हा तोच विषय काढला. ती ट्यूब नक्की जेरोमची होती का? मावशीने कोयता खाली ठेवला.

"नाय. त्याची आदल्या दिवशीच संपलेली. ती माझ्या वहिनीने जोगेश्वरीवरून आणलेली."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"पहिला राग होता. हात गेल्यासारखा झालेला माझा. म्हटलं, भोगू दे कोणीतरी. मग तो विचारायला लागला, कोणाला, कशाला. या पोरींचं बरं व्हायला लागलं. सांगितलं असतं तर परत मुकाट द्यायला लागला असता."

"नसता लागला."

"तुला काय ठाऊक?"

मला ठाऊक नाही. ती खरं बोलली की गेलेल्या माणसाच्या माथ्यावरचं ओझं उशिरा उतरवत होती, हेही मला ठाऊक नाही. वहिनी चार वर्षांपूर्वी वारली. ट्यूब रुग्णालयातच टाकून दिली गेली. नंबर कोणी पाहिला नव्हता. जेरोमने अकरा वर्षं स्वतःवर घेतलेला आरोप मला सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. माझ्या धंद्यात अशी बातमी छापत नाहीत.

मी निघालो तेव्हा मावशीने हाक मारली. कमरेच्या पिशवीतून तिने ते भिंग काढलं. सुतळी अजून बांधलेलीच होती. जेरोमच्या बहिणीने तिला आणून दिलं होतं. मावशीला अक्षरओळख नाही. शेजारच्या टोपलीमागे बसलेल्या बाईकडून तिने एक अर्धी पिळलेली ट्यूब हिसकावून घेतली आणि दोन्ही वस्तू माझ्या हातात दिल्या.

"वाच. किती नावं?"

मी भिंग धरलं. अक्षरं काचेखाली हळूहळू मोठी झाली.

"तीन."

मावशी त्या बाईकडे वळली. तिने न वाकणारं बोट तिच्यावर रोखलं आणि विचारलं, "लावायचं कोणाला?"