परग्रहावरच्या पाहुण्याला पहिला प्रश्न

मित्रहो, मुलांसाठी लिहिलेली माझी विज्ञान-साहसकादंबरी आज छपाईला जायची होती. ती सकाळी एका वाक्यावर अडली.

कथा साठच्या दशकातल्या अकोटची. जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगावर यान उतरते, परग्रहवासी बाहेर येतो आणि दहा वर्षांची शांता त्याला विचारते, "कावून आला बे?"

पुण्याच्या संपादकांनी फोनवर दुरुस्ती सुचवली, "आपण का आलात?"

अकोटची मुलगी असे बोलली, तर परग्रहवासीच घाबरून परत जाईल, असे मी सुनावले. वाक्य बदलणार असाल, तर पुस्तक मागे घेते.

शेजारी आई शेंगा सोलत होती. तिचे बालपण त्याच अकोटातले. ती म्हणाली, "दोघंयी चुकून राहिले तुमी. इतक्या दुरून पाहुना आला, त्याले कावून आला म्हन्तेत काय वं? आधी पानी पेतं का, इचार!"

मी सहसा कोणाची दुरुस्ती स्वीकारत नाही. ही जशीच्या तशी घेतली. संपादकही हसले आणि पुस्तक छपाईला गेले.

तुमच्या अंगणात यान उतरले, तर तुमचा पहिला प्रश्न कोणता? उत्तर आपापल्या बोलीतच द्यावे; मात्र नीट लिहावे.