पारोसं अंगण

लोहाऱ्याकडच्या त्या गावात सत्यभामाबाईंच्या अंगणाइतकं चोख अंगण दुसरं नव्हतं. नवरा गेला, सून माहेरी निघून गेली, लेक बजरंग जीप चालवता चालवता मोबाइलवरच्या जुगारात बुडाला, पण सडा-सारवणात त्यांनी कधी खाडा पडू दिला नाही. पारोसं अंगण दिसलं की बाईंचं डोकं फिरायचं. शेजारणींना बोलायच्या आणि बोलून झालं की स्वतःच खराटा घेऊन त्यांचं अंगण झाडायला लागायच्या. असल्या बाईचा राग तरी कुणी किती धरायचा?

भिंतीला भिंत लागून अयोध्याचं घर. अयोध्या अंगणवाडीची सेविका, धाकटी लेक शिकायला बाहेरगावी, म्हणून घरात एकटीच. ती थोरल्या लेकीकडं अणदूरला गेली होती. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं परतली तर कुलूप तुटलेलं, कपाट उघडं आणि धाकटीच्या लग्नासाठी केलेले दागिने गायब. तिनं रडत ठाण्यात फोन लावला. हवालदार सोमलिंगनं बजावलं की धाराशिवहून ठसेवाले येतायत, कशाला हात लावू नका, कुणाला आत सोडू नका. सत्यभामाबाईंना राखणीला बसवून अयोध्या पोलिसांना आणायला फाट्यावर गेली.

बाईंनी राखण केली ती डोळ्यांत तेल घालून. सरपंचालाही त्यांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकू दिला नाही. पण अंगणातसुद्धा चोराचं काही राहिलेलं असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या मनात एकच, एवढे साहेब लोक येणार आणि अयोध्याचं अंगण पारोसं. काय म्हणतील? त्यांनी बादलीत शेण कालवलं, सडा टाकला, पोतेरं घेतलं आणि रस्त्याच्या बाजूनं सारवायला बसल्या.

अर्धं अंगण झालं आणि त्यांचा हात थांबला. न्हाणीजवळच्या ओलसर मातीत एक अनवाणी पाऊल उमटलं होतं. डाव्या पायाचं, आणि करंगळीची जागा मोकळी. बजरंग लहान असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याची करंगळी गेली होती. त्या पायाची पट्टी बाईंनी रोज स्वतःच्या हातानं बदलली होती, तो पाय त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला? त्यांनी इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी पोतेरं बुडवलं आणि त्या पावलावरून फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. मग उरलेलं अंगणही सारवून टाकलं, बोटभर जागा न सोडता.

पोलीस आले. सोमलिंगनं कपाळावर हात मारून घेतला. ठसेवाला म्हणाला, मावशी, तुमच्यापेक्षा चोर बरा, तो निदान काहीतरी ठेवून गेला होता. सगळी गल्ली हसली. सत्यभामाबाईही हसल्या. त्या हसण्याची त्यांना पुढं सारखी किळस येत राहिली.

कपाटावर बोटांचे ठसे मात्र सापडले, आणि ते निघाले इरशादचे. इरशाद म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लालबीचा एकुलता एक लेक. वेल्डिंगची कामं करायचा, थोड्या दिवसांपूर्वी त्यानंच अयोध्याच्या कपाटाचं दार बसवून दिलं होतं. अयोध्यानं हे सांगितलं. पोलीस म्हणाले, मग कपाटात काय आहे तेही त्यालाच ठाऊक. चोरानं हाताला फडकं गुंडाळलं असेल, अशी शंका सोमलिंगला आली होती. अंगणात पाऊल राहिलं असतं तर इरशादच्या पायाशी जुळवून बघता आलं असतं, असं तो हळहळून म्हणाला. पण पाऊल नव्हतं. इरशादला पोलिसांच्या जीपमध्ये बसवून नेलं.

बाईंनी बजरंगला विचारलं. तो येडी झालीस का म्हणाला आणि ताटावर बसला. बाईंनी त्याला वाढलं, वर आणखी एक भाकरी घालून. रात्र रात्र त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. इरशाद निर्दोष आहे, आज ना उद्या सुटेलच, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. बाजाराचा दिवस आला आणि गेला. इरशाद सुटला नाही.

मग एका दुपारी लालबी आली. ठाण्यातून लेकाला भेटून आली होती. पोरगं जेवत नव्हतं, बोलत नव्हतं. तरी आली ती बाईंचीच समजूत घालायला.

"अक्का, लोकं तुमाला नावं ठेवत्यात. मनाला लावून घेऊ नका. चुकून झालं तुमच्या हातनं."

हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. गप्प बसणं आता त्यांच्याच्यानं होईना.

"चुकून अर्धंच झालं, लालबी. अर्ध्यात पाय दिसला. माझ्या बजरंगाचा व्हता. मग म्या पुसला."

लालबी उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि चला म्हणाली.

ठाण्यात सोमलिंगनं चोराचं नाव विचारलं. बाईंनी लेकाचं नाव बापाच्या नावासकट सांगितलं. दागिने बजरंगच्या जीपमध्ये सीटखाली सापडले. त्याला नेताना त्यानं आईकडं बघितलं नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, कुणीतरी आणून द्या, एवढं मात्र तो अयोध्याला सांगून गेला.

इरशाद सुटला तो थेट त्यांच्याच दारात आला आणि पाया पडला. "मावशी, माझ्यापायी तुमी पोटचा लेक दिला," म्हणाला. गल्लीही तेच म्हणू लागली. असली आई बघितली न्हाय, म्हणू लागली. बाईंना वाटायचं, धरणीनं पोटात घ्यावं.

लालबी मात्र त्यांच्या दाराकडं फिरकली नाही. शेवटी नळावर गाठ पडली. बाईंनी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"तुमी पाय पुसल्याचं इरशादला म्या काय सांगितलं न्हाय. तुमाला मावशी म्हणतोय, म्हणू दे. पर अक्का, पोरगं तिकडं असताना तुमी रोज माझ्या दारावरनं पाण्याला जायच्या. रोज थांबून मला विचारायच्या, इरशाद कसा हाय म्हणून."

घागर भरून वाहत होती. सत्यभामाबाईंना नळ बंद करायचं सुचलं नाही. खरंच, त्यांनी रोज विचारलं होतं.