मालिकेतली अम्मा बदलली तेव्हा

मंडळी, आज सकाळी आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. तेव्हापासून हे तुम्हाला सांगायचं होतं.

काल मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो, तर आमचे नेहमीचे डॉक्टर अचानक गावाला गेलेले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई. मी आईला म्हटलं, "घरी चल. ते आले की करू."

आई मूळची कन्नड, रोज संध्याकाळी कन्नड मालिका बघते. ती म्हणाली, "इरली बिडे, असू दे. मालिकेतल्या अम्माचं काम करणारी नटी बदलली ना मागे? दोन दिवस परकी वाटली. आता ती रडली की मीही रडते. माणूस बदललं तरी गोष्ट लिहिणारा तोच असतो. माझी गोष्ट लिहिणारा वरचाही तोच आहे." आणि नंजुंडेश्वराचं, तिच्या शंकराचं, नाव घेऊन आत गेली.

बाहेर बसून मी स्तोत्रं म्हणत होते, पण विश्वास तिच्याकडे होता.

आज पट्टी निघाल्यावर आई डॉक्टरीणबाईंकडे बघतच राहिली. मग त्यांचा हात धरून कन्नडमध्ये म्हणाली, "अशा दिसता होय तुम्ही."

काल तिला त्यांचा चेहराही नीट दिसत नव्हता. मला मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि घाबरले मीच.

तुमच्या घरी आहे का असं कुणी निर्धास्त?