टोरगेरसाठी घातलेलं गाऱ्हाणं

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी अंगणात पाट मांडला, त्यावर नारळ आणि पानाचा विडा ठेवला, डोक्यावरची टोपी सरळ केली आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. घरातला जाणता माणूस देवाशी मोठ्याने बोलतो. कोण, कुठला, कशासाठी, सगळं नावानिशी सांगतो आणि मागायचं ते मागतो. प्रत्येक मागण्यानंतर बाकीचे एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतात. म्हणजे अर्ज एकाचा, पण सह्या सगळ्यांच्या.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुझा ह्या लेकरू पोटापाण्यासाठी मुंबयेक चलला हा. परमुलखात तेच्या पाठीशी र्‍हव. तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

त्या दिवशी सह्या करायला आई, धाकटा भाऊ आणि मी एवढेच होतो. हो, मीही म्हटलं. स्वतःच्याच जाण्याला इतक्या मोठ्याने होकार देणारा माझ्या माहितीत मी एकटाच. आई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. एरवी तासभर रखडणारी एसटी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली.

आमच्या वाडीच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितलं. "दत्ताराम, तुमी फुटबॉलवाल्यांत होतात, जरा मजेशीर येऊ दे." तर वाडीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मंडळींनो, आधीच सांगून ठेवतो, मजा फारशी नाही.

घाटकोपरला काकांच्या खोलीत मी राहिलो. टेकडीवरची दहा बाय दहाची खोली, माणसं सात. माझी ट्रंक कॉटखाली. तिच्यातले कपडे मी कित्येक वर्षं बाहेर काढून मांडलेच नाहीत. लागेल तेवढं काढायचं आणि पुन्हा झाकण लावायचं. साकीनाक्याला एका कारखान्यात चामड्याच्या बॅगा शिवायला लागलो. तिथून बूट शिवायला शिकलो, बुटांवरून मैदानावर गेलो आणि शेवटी अंधेरीला सराव करणाऱ्या एका फुटबॉल संघाचा किटमॅन झालो. किटमॅन म्हणजे खेळाडूंचे कपडे, बूट, मोजे यांचा सांभाळ करणारा. मॅचच्या दिवशी प्रत्येकाची जर्सी त्याच्या खुंटीवर, नंबर बाहेरच्या बाजूला, बूट खाली, नाडी सैल. पंचवीस वर्षं हेच केलं. मॅच बघायला मात्र फारशी मिळाली नाही, कारण मॅच चालू असते तेव्हा मी दुसऱ्या हाफचे कपडे लावत असतो.

दर गणपतीला गावी जायचो. परतायच्या दिवशी बाबा अंगणात उभे राहून तेच गाऱ्हाणं घालायचे. हाताक यश दी, पाठीशी र्‍हव. एकदाही त्यांनी 'माझो झील परत धाड', मुलाला परत पाठव, असं मागितलं नाही. शेजारच्या अंगणात म्हातारे मागायचे, मी कानांनी ऐकलंय. मला ते फार लागायचं. म्हाताऱ्याला आपण नकोच झालोय, असं वाटायचं. एका वर्षी धीर करून विचारलं. बाबा म्हणाले, "तसा मागूचा नसता." एवढंच बोलले आणि गाय बांधायला गेले. पुढे आई गेली, मग बाबा गेले. तो राग मी तसाच ठेवला, ट्रंकेतल्या कपड्यांसारखा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या संघात टोरगेर आला. नॉर्वेचा स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणं हेच ज्याचं काम तो. वय चौतीस. या वयाला स्ट्रायकर आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या देशात त्याचं काय झालंय हे सगळ्यांना कळतं, त्यालाही. पहिल्याच दिवशी तो माझ्यापुढे बसला आणि दोन्ही पाय पुढे केले. डावा पाय अर्ध्या नंबरने मोठा. इतकी वर्षं उजव्या मापाचा बूट घालून हा माणूस खेळला होता, कारण कुणाला सांगायची त्याला लाज वाटायची. मी दोन जोड्यांतले दोन वेगळे बूट काढून दिले. तेव्हापासून आमची गट्टी जमली. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं सरळ पण थोडंसं. दोघांनाही गप्प बसायचा कंटाळा नव्हता, त्यामुळे निभावलं.

नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला एका बेटावर त्याचं गाव. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे खडीचं मैदान. बॉल पाण्यात गेला की होडीच्या आकड्याने ओढून काढायचा. बाप मासे सुकवण्याच्या धंद्यात. सोळाव्या वर्षी टोरगेर बोटीने शहरातल्या क्लबाकडे निघाला तेव्हा बाप धक्क्यावर आला होता. "मोजे कोरडे घालत जा," एवढंच म्हणाला. पुढे टोरगेर मोठ्या लीगमध्ये गेला, दोन मोसम त्याने गोलांचा नुसता सपाटा लावला. देशाच्या संघातही एकदा निवड झाली. त्या दिवशी तो नव्वद मिनिटं बाकावर बसला आणि जर्सी न मळवता घरी आला. मग परदेशी क्लब, तिथलाही बाक, मग गुडघा, मग लहान क्लब, मग त्याहून लहान. या सगळ्यात बापाने त्याची एकही मॅच मैदानावर येऊन पाहिली नव्हती. मासे सुकवायचे दिवस आणि मॅचचे दिवस कायम एकाच वेळी यायचे. आता म्हातारा थकला होता, घरी बसून होता. शेजारीण तिच्या टॅबवर मुलाच्या मॅच लावून द्यायची. टोरगेरला म्हाताऱ्यासमोर एक गोल मारायचा होता. दुसरं काही त्याला नको होतं, हे त्याने मला दहादा तरी सांगितलं असेल.

पण गोल काही होईना.

सुट्टीच्या दिवशी एकदा त्याला वर्सोव्याहून होडीने मढला नेलं. कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकायला लावले होते, ओळीच्या ओळी. टोरगेर थबकला. त्याच्या गावातही लाकडी मांडवांवर असेच मासे टांगतात, फक्त हाताएवढे लांब. तो मांडवाखाली जाऊन उभा राहिला, मान वर करून भरभरून वास घेतला आणि डोळे पुसायला लागला. समोर जाळं निवडत बसलेल्या बाईने मला विचारलं, "काय रं भाव, यो गोरा रडतंय कनाला?" मी म्हटलं, गावची आठवण आली. तिने पसाभर सुके बोंबील कागदात बांधून त्याच्या हातात कोंबले. तो पुडा त्याने अंधेरीच्या फ्लॅटमध्ये खिडकीत ठेवला. खाल्ला नाही.

त्या फ्लॅटवर मी बऱ्याचदा जायचो. बाराव्या मजल्यावर, चकाचक, भिंतीवर एक चित्र नाही. मोठी बॅग पलंगाशेजारी उघडीच, कपडे बॅगेतच. जेवण डब्यातून आलेलं, अर्धं उरलेलं.  हा माणूस इथे राहत नव्हता, फक्त थांबला होता. मी तरी काय वेगळं करत होतो? बायको गेल्यापासून, पुढे घेतलेल्या मालाडच्या घरात मीही एकटाच. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला. संध्याकाळी घरी गेलो की चावी फिरवायची आणि आधी टीव्ही लावायचा, बघायला नव्हे, आवाजासाठी.

सात मॅच कोरड्या गेल्या. आठव्या मॅचच्या दुपारी आमचा गोलकीपर रोहन, मालाडचाच, मोजे मागायला आला आणि म्हणाला, "दत्ताकाका, तुमच्या गोऱ्याची वाट लागलीय यार. आज नाही मारला ना, तर पुढच्या महिन्यात दुसरा आणतायत. पक्कं झालंय."

मग मला राहवेना. बाहेर जाऊन नारळ आणला. टोरगेरची जर्सी खुंटीवर होती, तिच्यासमोर बाकड्यावर नारळ ठेवला. टोरगेरला उभं केलं. रोहनला आणि मैदान झाडणाऱ्या दोघांना सांगितलं, मी थांबलो की 'होय म्हाराजा' म्हणायचं. रोहन म्हणाला, "काका, सीरियसली?" पण उभा राहिला. मी बाबांसारखी टोपी सरळ केली. आयुष्यात पहिल्यांदा गाऱ्हाणं घालत होतो. शब्द तोंडपाठ होते, लहानपणापासून ऐकलेले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, हो टोरगेर, सात समुद्रापलीकडच्या गावचो. घरदार सोडून हय एकटो पडलो हा…"

पुढे 'तेच्या पायाक यश दी' म्हणायचं होतं. डोळ्यांपुढे ती उघडी बॅग आली आणि तोंडातून निघालं, "तेका घराक पोचव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चौघांनी दणकून म्हटलं. टोरगेरने सगळ्यात जोरात म्हटलं, त्याला वाटलं गोलाचंच काहीतरी असेल. मला त्याच क्षणी कळलं, आपण काय मागून बसलो. पण गाऱ्हाणं खोडता येत नाही.

दुसऱ्या हाफला मी आत कपडे लावत होतो. बाहेरचा आवाज एकदम बसला. धावत गेलो तर टोरगेर गवतावर आडवा, गुडघा धरून, तोच जुना गुडघा. कुणी धक्का मारला नव्हता. वळताना पाय रुतला, एवढंच. स्ट्रेचरवरून नेताना त्याने हाताने तोंड झाकलं, कारण कॅमेरा जवळ आला होता आणि तिकडे म्हातारा बघत होता.

डॉक्टरांनी सांगितलं, आता खेळणं नाही. टोरगेरला घरी पाठवायचं ठरलं. मी मैदानावरच्या कपड्यांच्या खोलीत त्याच्या खुंटीवरची नावाची पट्टी काढली. नियमाने ती फेकायची असते, मी खिशात ठेवली. मग बॅग आवरायला फ्लॅटवर गेलो. आवरायला फारसं काही नव्हतंच. तो पाय लांब करून सोफ्यावर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. काय मागायचं होतं आणि मी काय मागितलं. देवावर त्याचा विश्वास आहे की नाही मला ठाऊक नाही, पण त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. खिडकीतल्या बोंबलांच्या पुड्याकडे बघितलं.

"दत्ता," तो म्हणाला, "तू ते माझ्यासाठी नाही मागितलंस. स्वतःसाठी मागितलंस. मला गोल हवा होता. घर काही पळून जात नव्हतं."

बॅगेची चेन लावली.

महिन्याभराने त्याचा निरोप आला. सोबत फोटो, मांडवांवर टांगलेले मासे आणि खाली कुबड्या घेऊन तो. लिहिलं होतं, 'बाबा दारात आले. बॅग उचलून आत घेतली. म्हणाले, गोल झाला असता तर बरं झालं असतं.'

ते वाक्य मी मालाडच्या स्वयंपाकघरात उभा राहून वाचलं. गॅसवर चहा उतू गेला. मुलगा इतक्या वर्षांनी घरी आला आणि बाप असं म्हणतो? आणि मग मला माझे बाबा दिसले, गायीचं दावं हातात घेतलेले. बाहेर गेलेला माणूस वेळेआधी परत येतो तो काही सुखाने येत नाही. गिरणी बंद पडली म्हणून येतो, नोकरी गेली म्हणून येतो, गुडघा गेला म्हणून येतो. 'परत धाड' म्हणायचं म्हणजे त्याचं तिथलं सगळं मोडू दे म्हणायचं. बाबांना हे ठाऊक होतं. दर वर्षी अंगणात त्यांच्या जिभेवर ते येत असणार. दर वर्षी त्यांनी ते गिळलं आणि यश मागितलं. मी मात्र आयुष्यभर रुसून बसलो, आणि माफी मागावी तर माणूस राहिला नाही. त्या दिवशी मी रडलो. बायको गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

आता मी निवृत्त झालोय. या वर्षी गणपतीला गावी गेलो. भावाने सावंतवाडीला घर केलंय, तो पाच दिवस येऊन गेला. मी दोन दिवस जास्त राहिलो. निघायच्या सकाळी घराला कुलूप लावलं आणि सवयीने अंगणात उभा राहिलो. कोणी काही बोलायची वाट बघत होतो, हे जरा उशिराच लक्षात आलं. गाऱ्हाणं घालणारं कुणी नव्हतं आणि 'होय' म्हणणारंही. आपलं घर म्हणजे हे अंगण असं मी मालाडला सगळ्यांना सांगत आलो. पण आपलं नाव घेणारा माणूस नसेल तर अंगण नुसतं चिऱ्याचं असतं.

टोरगेर आता बेटावर बापाजवळच राहतो आणि जवळच्या शहरात कोच व्हायचं शिकतोय, त्याच आठवड्यात त्याची परीक्षा होती. मी पाट काढला, नारळ ठेवला, टोपी सरळ केली आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लागलो. बा देवा रवळनाथा म्हाराजा, हो टोरगेर, बेटावरचो. खरं सांगतो, 'तेका मुंबयेक परत धाड' हे अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मालाडच्या रिकाम्या घरी जाऊन चावी फिरवायची होती ना मला. ते गिळलं. "तेच्या हाताक यश दी," म्हटलं, "आणि खय पण आसांदे, थय तेच्या पाठीशी र्‍हव रे म्हाराजा."

अंगणात कुणी 'होय' म्हटलं नाही. निरोप पाठवून दिला, पिशवी उचलली आणि तिठ्यावर आलो.

एसटी यायच्या आत उत्तर आलं. फोन कानाला लावला. टोरगेर, वाकड्या उच्चारात, पण दणकून, "होय म्हाराजा!" आणि त्याच्यामागून, जरासा उशिरा, खोकत खोकत, एका म्हाताऱ्याचा आवाज, तेच दोन शब्द.