रोवण्यातली हॉकी

“वाक वं पोरी, अजून वाक,” असं म्हणत आमच्या शाळेचे शिपाईमामा स्वतःच एवढे वाकायचे की टोपी खाली पडायची. मग ती झटकून घालायची आणि पुन्हा तेच.

शाळा आसगावच्या बाजूची, काळ ऐंशीच्या आगेमागे. कागदावर मुलींच्या हॉकीचा प्रशिक्षक मी. काठी कुठून धरतात तेही मला ठाऊक नव्हतं, आता लपवायचं कशाला? मामा तरुणपणी कामठीच्या छावणीत आचाऱ्याच्या हाताखाली होते. जवानांचा खेळ बघून बघून शिकले. धान निघालं की एका बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, धसकटं उपटून ते मैदान करायचे. काठ्या बाभळीच्या, चेंडू बांबूच्या मुळाचा.

“मामा, मुलीच का?” मी एकदा विचारलं.

“पोट्टे वाकत नाईत, गुर्जी. पोरीयची कंबर धानाच्या रोवण्यानं तयार हाये.”

सहा वर्षांच्या खटपटीनंतर आमच्या मुली भंडाऱ्याला जिल्ह्याचा सामना खेळायला निघाल्या, आणि तारीख आली ऐन रोवण्यात, म्हणजे भातलावणीच्या धांदलीत. सगळ्यात चांगली खेळायची ती मधली फॉरवर्ड. तिची आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

“पोरगी गेली त तिची पात कोन धरल जी?”

मामांनी कान खाजवला. “मी धरतो.”

बाई हसायलाच लागली. आमच्याकडे पुरुष चिखल करतील, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या वाहतील. पण पात धरून, बायकांच्या लावणीच्या ओळीत वाकून रोवणा? छे! माझं मात्र डोकं फिरलं.

“अहो मामा, सहा वर्षं राबलात. सामना बघणार कोण?”

“तुमी हाय नं. पोरगी खेळली पायजे.”

रजेचा अर्ज माझ्याच हातात ठेवून ते निघून गेले.

आम्ही पाच-एकनं हरलो. परतीच्या एस.टी.त ती मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती. “मामाले काय सांगू, सर?” एवढंच दोनदा म्हणाली.

उतरल्यावर घरी न जाता सगळ्या थेट शेतावर गेल्या. मामा बायकांच्या ओळीत, गुडघाभर चिखलात. “मामा, लुगडं आनून देऊ का गा?” कुणीतरी छेडत होतं आणि मामाही हसत होते.

ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, थांबली. “हारलो, मामा.”

“एकबी गोल नाई झाला?”

“एक झाला. मी केला.”

मामा हातात पेंडी घेऊन तसेच उभे राहिले. “कसा केला वं?”

ती खेळाच्या कपड्यांनिशी चिखलात उतरली, मामांच्या शेजारची पात धरली आणि लावता लावता सांगू लागली. तिच्यामागून बाकीच्याही उतरल्या.

“मंग?” मामा विचारत होते. “चेंडू कोन देला? मंग तू काय केलं?”

संपलं की, “पयल्यापासून सांग.”

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो गोल मी मैदानाच्या कडेला बसून डोळ्यांनी पाहिला होता, मामांनी नुसता ऐकला. तरी त्या संध्याकाळी मला त्यांचा हेवा वाटला. बांधी भरेपर्यंत तिनं तो तीनदा सांगितला, आणि तिन्ही वेळा मामांनी, पुढं काय होणार हे ठाऊकच नसल्यासारखं, लावायचा हात थांबवला.