मौतीचं गाणं

कोलाम आदिवासींचे प्रमुख, नाईक, वारले, त्या दिवशी गिरडपलीकडच्या त्यांच्या पोडावर, त्या लहानशा वस्तीत, कोणीच गाणं म्हटलं नाही. त्याआधी वर्षभर नाईक, विद्यापीठाचे कुलगुरू आणि आमचे नगराध्यक्ष मिळून कोलामी गाणी जमवत होते. लिहून घेणारा मी होतो. पेरणीची, लग्नाची सगळी लिहून झाली. मौतीचं गाणं मात्र एकट्या नाईकांनाच यायचं. नगराध्यक्ष म्हणाले, "म्हणा ना नाईक, किती भाव खाता!" नाईक हसले. "मौत नाई अन् मौतीचं गाणं म्हनू? तुमाले पाठवू का वर?" कुलगुरूही हसले. मग नाईक मला म्हणाले, "कोनी मेलं का येजा, मास्तर." मी वही घेऊन गेलो, तेव्हा ते स्वतःच अंगणात निजवलेले होते. त्यांच्या बायकोनं विचारलं, "तुमच्या वहीत असन ना ते?" मी नुसती पानं उलटत राहिलो. त्या वहीत आता गाण्याचं नाव आहे आणि त्याखाली कोरं पान आहे.